मेंदी काळी नसते

पाऊस ओसरून नवरात्र तोंडावर आलं की घराघरांत आवराआवर सुरू होते, तशी आम्हा बायकांची केसांचीही सुरू होते. पुढे दिवाळी, तुळशीचं लग्न आणि मग लग्नसराई. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. त्यामुळे गणपतीत रंगवलेल्या डोक्यात दसऱ्यापर्यंत पांढरा भांग दिसू लागतोच. रंग पुन्हा ताजा करावासा वाटला तर त्यात काहीच गैर नाही.

पण मैत्रिणींनो, यंदा पुडी फोडण्याआधी थोडं थांबा.

माझी धाकटी जाऊ हुबळीकडची. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आदल्या दिवशी तिनं 'काळी मेंदी' आणली. मी आधी थोडी लावून बघायला सांगितलं, तर म्हणाली, "एनू आगंगिल्ल बिडरी अक्का, मदरंगीच तर आहे!" दुसऱ्या दिवशी डोकं खाजू लागलं, कपाळ सुजलं आणि लक्ष्मीपूजनाला डोळे उघडेनात. डॉक्टरांकडे धावावं लागलं. याआधी तिनं तीच पुडी कितीतरी वेळा वापरली होती!

इथंच सगळ्यांची फसगत होते. मेंदीच्या पानांचा रंग केशरी-तांबडा. नुसत्या मेंदीनं तासाभरात केस काळेभोर होत नाहीत. अशा 'काळ्या मेंदी'त बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं, जे नेहमीच्या हेअर डायमध्येही असतं. पुष्कळांना ते सोसतं. काहींच्या अंगाला मात्र ते अनेकदा वापरल्यावर एकाएकी बाधतं, आणि एकदा बाधलं की सहसा जन्मभर बाधतं. 'अमोनियाविरहित' लिहिलं म्हणून निर्धास्त होऊ नका, अमोनिया वेगळा आणि पीपीडी वेगळं.

म्हणून प्रत्येक वेळी चाचणी करा. पुडीवरच्या सूचनेप्रमाणे चिमूटभर रंग कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावा आणि ४८ तास वाट पाहा. खाज, लाली किंवा पुरळ दिसलं तर तो रंग डोक्याला लावू नका. भुवयांना आणि पापण्यांना तर कधीच नको. मिशा रंगवणाऱ्या यजमानांनाही हे वाचून दाखवा. चेहरा सुजला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर रंग धुऊन लगेच डॉक्टरांकडे जा.

रसायन नको असेल त्यांनी मेंदी आणि नीळ वापरून पाहावी. नीळ म्हणजे कपड्यांची नव्हे, निळीच्या पानांची पूड. पुडीवर बाकी काही मिसळल्याचं लिहिलेलं नाही ना, तेवढं बघून घ्या. आधी मेंदी भिजवून दोन-तीन तास लावायची आणि नुसत्या पाण्यानं धुवायची. मग नीळ पाण्यात कालवून लगेच लावायची, तासा-दीड तासानं धुवायची. रंग एक-दोन दिवसांत गडद होतो, तोवर शाम्पू नको. हीसुद्धा पहिल्यांदा थोडी लावून बघावी.

नंतर दर महिन्याला सगळे केस रंगवायची गरज नाही, मुळांशी लावलं की पुरतं.

फराळाच्या यादीत रवा-बेसनाच्या वरच लिहून ठेवा : 'चार दिवस आधी, कानामागे चाचणी.' सणाच्या दिवशी केस थोडे पांढरे दिसले तरी चालतील, पण आरशात आपला चेहरा आपल्याला ओळखू यायला हवा!