टर्बो गाडीतील काजळी

मामूंची टर्बो पेट्रोल गाडी सकाळी थरथरू लागली, पिकअप गेला. पेट्रोलमध्ये टाकायच्या दोन बाटल्या झाल्या, फरक शून्य. मामू गाडी विकायलाच निघाले होते!

डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. इनटेक व्हॉल्व्हला ते लागतच नाही. क्रँककेसमधली ऑइलची वाफ मात्र पीसीव्हीवाटे तिथे येते आणि गरम व्हॉल्व्हवर थर धरते. बाटलीतले औषध पोहोचणार कसे? मेकॅनिकने मॅनिफोल्ड उतरवून थर खरवडला, तेव्हा गाडी सुधारली.

आता ऑइल पुस्तिकेतल्याच ग्रेडचे, वेळेवर बदललेले, वरच्या खुणेच्या आतच. हायवेवरून आल्यावर मामू मिनिटभर इंजिन चालू ठेवतात; तापलेल्या टर्बोत थांबलेले ऑइल करपते. कोपऱ्यावरून दूध आणायला मात्र पायी जातात. एवढ्याशा फेरीत इंजिन तापतही नाही.