निमंत्रणाची बूज

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पेनसिल्व्हानिया विद्यापीठाचे व्हार्टन हे व्यवस्थापन विद्यालय आहे. त्याची स्थापना १८८१ सालची. विद्यापीठाच्या अंतर्गत सुरू झालेले जगातील पहिले व्यवसाय विद्यालय, असा त्याचा लौकिक. तेथील विद्यार्थ्यांनी चालविलेल्या भारतविषयक आर्थिक परिषदेने मार्च २०१३ मधील आपल्या अधिवेशनासाठी गुजरातचे तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांना प्रमुख वक्ते म्हणून सन्मानाने निमंत्रित केले आणि परिषदेला तीन आठवडे उरले असता ते निमंत्रण मागे घेतले. मोदी तेथे प्रत्यक्ष जाणारही नव्हते. दूरदृश्य यंत्रणेद्वारे ते गांधीनगरातूनच बोलणार होते. त्यांच्या पावलांचीच नव्हे, तर पडद्यावरील प्रतिमेचीही एका विद्याकेंद्राला धास्ती वाटावी, याला काय म्हणावे?

या माघारीस कारण ठरले ते एक निवेदन. त्याच विद्यापीठातील भारतीय वंशाच्या तीन प्राध्यापकांनी, त्यांपैकी दोघे इंग्रजीचे आणि एक समाजकार्याचे, ते प्रसृत केले आणि त्यावर शंभराहून अधिक स्वाक्षऱ्या झाल्या. २००२ च्या दंगली आणि २००५ मध्ये अमेरिकेने मोदींना नाकारलेला प्रवेश परवाना हे आक्षेपाचे मुख्य मुद्दे होते. येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. आक्षेप घेणे हा त्या प्राध्यापकांचा अधिकारच होता. विशेष तपास पथकाने २०१२ मध्येच मोदींविरुद्ध खटला भरण्याजोगा पुरावा नसल्याचा निष्कर्ष न्यायालयापुढे ठेवला होता आणि पुढे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला. तरीही एखाद्याचे समाधान होत नसेल, तर त्याने सभागृहात उभे राहून प्रश्न विचारावा. तथापि ‘आम्ही प्रश्न विचारू’ असे न म्हणता ‘त्यांना बोलूच देऊ नका’ असे म्हटले जाते, तेव्हा तो आक्षेप राहत नाही. ते दुसऱ्याच्या श्रवणाच्या अधिकारावरील आक्रमण ठरते.

आयोजकांचे स्पष्टीकरण तर अधिकच उद्बोधक होते. पाहुण्यांच्या कर्तृत्वाविषयी आदर आहे. परंतु तीव्र प्रतिक्रियांमुळे त्यांची कुचंबणा होऊ नये म्हणून हा निर्णय, असा त्याचा आशय होता. यजमानाचे धैर्य खचावे आणि त्याला पाहुण्याच्या काळजीचे वस्त्र नेसवावे, असा हा प्रकार! त्यानंतर अदानी समूहाने परिषदेचे प्रायोजकत्व काढून घेतले. निमंत्रितांपैकी सुरेश प्रभू यांनी निषेध म्हणून परिषदेस जाण्याचे नाकारले. माजी केंद्रीय ऊर्जामंत्री असलेल्या या मराठी नेत्याने एक प्रतिष्ठेचे व्यासपीठ सोडले, पण निमंत्रणाची बूज राखली.

या साऱ्यात हानी कोणाची झाली? मोदींची निश्चितच नव्हे. २०१४ च्या मे महिन्यात ते पंतप्रधान झाले, त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांचे भाषण झाले आणि २०१६ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या संयुक्त अधिवेशनानेच त्यांना ऐकले. हानी झाली ती व्हार्टनच्या विद्यार्थ्यांची. शेतीची आणि घरगुती वापराची वीजवाहिनी वेगळी करणारी ज्योतिग्राम योजना खेडोपाडी कशी राबविली? बंगालमधून उठलेला नॅनो मोटारीचा प्रकल्प साणंदला कसा आला? उद्योग वाढत असता कुपोषणाच्या आघाडीवर राज्य मागे का? आणि हो, २००२ चे काय? व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला एका राज्यकर्त्यास हे सारे विचारता आले असते. ती संधी त्याच्या वतीने दुसऱ्याच कोणी तरी नाकारली.

वास्तविक अमेरिकेतच याहून सरस उदाहरण होते. २००७ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने इराणचे अध्यक्ष अहमदीनेजाद यांना बोलाविले. प्रचंड गदारोळ झाला, पण निमंत्रण मागे घेतले गेले नाही. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी पाहुण्याच्या समक्ष त्यांच्यावर कठोर टीका केली, नंतर त्यांना बोलू दिले आणि विद्यार्थ्यांचे प्रश्नही झाले. त्या यजमानाच्या शब्दांतील सौजन्याविषयी मतभेद होऊ शकतील, धैर्याविषयी होणार नाहीत. आपल्याकडे तर पूर्वपक्ष नीट मांडल्यावाचून उत्तरपक्षाला प्रतिष्ठाच नव्हती. आद्य शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांचा वाद मंडनमिश्रांच्याच घरी झाला आणि त्याचा निवाडा त्यांच्या पत्नीने केला, असे परंपरा सांगते. प्रतिपक्षाला घरात घेण्याचे ते सामर्थ्य होते.

मात्र ही फूटपट्टी परक्यांसाठी एक आणि स्वकीयांसाठी दुसरी असू शकत नाही. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना निमंत्रण गेले आणि विरोधाची कुणकुण लागताच ते मागे घेतले गेले. सहगल यांची मते राष्ट्रीय विचारांच्या वाचकांना पटणारी नव्हेत. केंद्रातील सरकारच्या त्या कठोर टीकाकार आहेत. परंतु जे व्हार्टनमध्ये अनुचित, ते यवतमाळात उचित कसे ठरेल? संमेलनाध्यक्षा अरुणा ढेरे यांनी त्या व्यासपीठावरूनच ही चूक दाखवून दिली, तेव्हा त्यांनी मराठी सारस्वताची लाज राखली. आणि झाले काय? जे भाषण मंडपात हजार-दोन हजारांनी ऐकले असते, ते छापून घरोघरी वाचले गेले. बंदी घातलेल्या वक्त्याचा आवाज नेहमी दूर जातो, हे व्हार्टनने शिकविले होते. ते यवतमाळने पुन्हा शिकविले.

वक्ता निवडण्यापूर्वी यजमानाने हवा तेवढा विचार करावा. नको असेल, तर बोलावू नये. त्यात कोणाचाही अपमान नाही. पण एकदा अक्षत दिली, की पाहुण्याला दारातून परत पाठविता येत नाही. आपल्या विचारांवर ज्याची श्रद्धा आहे, त्याला समोरच्याचे भाषण ऐकण्याचे भय का वाटावे? ज्याला ते वाटते, त्याने वक्त्याची नव्हे, आपल्या श्रद्धेची परीक्षा घ्यावी.