आऊट निघेल असे चाक

उल्हासनगर कॅम्प २ मधून निघून शहाडजवळ मुरबाड रस्त्याला लागायचे, किंवा अंबरनाथवरून बदलापूर गाठून बारवी धरणाकडे वळायचे, हा आता अनेक रोडबाईकवाल्यांचा सुट्टीचा पहाटक्रम झाला आहे. शर्यतीची महागडी चाके रोजच्या सरावात झिजवायला मन धजत नाही, म्हणून स्वस्त जोडीचा शोध सुरू होतो. या शोधात बहुतेकांची नजर दोनच आकड्यांवर असते: किंमत आणि वजन. आमच्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा. हे चाक आपल्या बाजारातल्या मिस्त्रीच्या हातून दुरुस्त होईल का?

वजनाचा धाक आधी उतरवू. हलकी जोडी ३०० ग्रॅमने कमी भरते असे धरा. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो असतील, तर हा फरक अर्धा टक्काही नाही. तासाभराच्या चढणीत त्याने वाचतील फार तर तेरा-चौदा सेकंद. सराव करणाऱ्याला त्या सेकंदांचा उपयोग काय? थोडे जड चाक पायांना काम देते, आणि सराव त्यासाठीच असतो.

डिस्कब्रेकने एक मोठी सोय केली आहे. पूर्वी ब्रेकचे रबर रिमलाच घासे. पावसाळ्यात चिखल-वाळूने रिमची कड पातळ होत जाई. आता झिजते ती डिस्क. साधी अॅल्युमिनियमची रिम खड्ड्यात दबली नाही, तर वर्षानुवर्षे चालते. म्हणून पैसा घालावा तो हबमध्ये, चांगल्या बंद बेअरिंगमध्ये. स्पोक २८ किंवा ३२ असावेत, डोक्याशी वाकलेले, नेहमीचे. एखादा तुटला तरी चाक घरापर्यंत आणते आणि बदली स्पोक शोधत फिरावे लागत नाही. निपल पितळी घ्यावेत. अॅल्युमिनियमचे आपल्या दमट हवेत गंजून जाम होतात.

घेण्यापूर्वी मापे जुळवावीत. आजच्या डिस्कच्या रोडबाईकला बहुधा पुढे १०० आणि मागे १४२ मिलिमीटरचा हब व १२ मिलिमीटरचा आरपार धुरा लागतो. मागच्या हबची बॉडी आपल्या गिअरच्या कॅसेटला चालणारी हवी आणि डिस्क बसवण्याची पद्धतही आपल्या डिस्कशी जुळणारी हवी. एक इशारा जिवाशी संबंधित आहे: हूकलेस, म्हणजे टायर धरणारा आतला हूक नसलेल्या, रिममध्ये हवा ५ बारच्या, म्हणजे सुमारे ७२ पीएसआयच्या वर कधीही भरू नये आणि टायर त्या रिमला चालणाराच घालावा. शंभर पीएसआयची जुनी सवय इथे टायर रिमवरून उडवू शकते. या भानगडीत पडायचे नसेल, तर हूक असलेली रिम घ्यावी.

खरा फरक मात्र खरेदीनंतर पडतो. यंत्रावर ओवलेल्या स्वस्त चाकात स्पोकचा ताण अनेकदा एकसारखा नसतो. ढिले स्पोक प्रत्येक फेऱ्यात सैलावतात, ताणतात आणि शेवटी डोक्याशी तुटतात. पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर जाणत्या मिस्त्रीकडून आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढून ताण सारखा करून घेतला, तर तेच चाक दुप्पट किमतीच्या चाकाच्या तोडीने टिकू शकते. बोटाने स्पोक छेडून आवाजावरून ताण ओळखणारा कारागीर ही स्वस्त चाकाची खरी हमी आहे.

आणि हे सांगायला उल्हासनगरपेक्षा योग्य गाव कोणते? फाळणीनंतर कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत आलेल्या सिंधी निर्वासितांनी हाताच्या कसबावर आणि छोट्या धंद्यांवर ही वस्ती उभी केली. १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. जीन्स शिवणाऱ्या आणि फर्निचर घडवणाऱ्या या गावात चाक ओवण्याची विद्या रुजायला अडचण नसावी. पण जोवर गिऱ्हाईक मोबाइलवरून जोडी मागवते आणि बिघडली की नवी मागवते, तोवर ही विद्या शिकणार कोण आणि कुणाच्या भरवशावर?

म्हणून दोन्ही बाजूंना आमचे आर्जव आहे. दुकानदाराने जोडी विकताना त्याच मापाचे चार स्पोक सोबत द्यावेत. घेणाऱ्याने ते मागून घ्यावेत, आणि आऊट काढण्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी.