परवाना मिळाला, दुसऱ्या इंजिनाचे पैसे कोण देणार?

वस्तीतला मुलगा किंवा मुलगी वैमानिक झाली की सत्कार होतात, चौकात फ्लेक्स लागतात. आनंद आम्हालाही होतो. पण परवाना हाती आला म्हणजे नोकरी आली, असे समजणाऱ्या आई-बापांना एक गोष्ट कोणीच सांगत नाही. कमर्शियल पायलट लायसन्स एका इंजिनाच्या छोट्या विमानावरही मिळते. विमान कंपन्यांची एअरबस ३२० असो, बोइंग ७३७ असो की लहान शहरांत उतरणारे एटीआर असो, सगळी दोन इंजिनांची. परवान्यावर मल्टी इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगची नोंद नसेल तर कंपनी अर्जाकडे पाहतसुद्धा नाही.

ही नोंद म्हणजे नुसता शिक्का नव्हे. दोन इंजिनांपैकी एक उड्डाणानंतर लगेच बंद पडले तर चालू इंजिन विमानाचे नाक बंद इंजिनाच्या बाजूला ओढते. वैमानिकाने पायाने रडर दाबून ते सरळ धरायचे, कोणते इंजिन गेले ते ओळखायचे आणि त्या इंजिनाच्या पंख्याची पाती वाऱ्याला आडवी येणार नाहीत अशी फिरवायची. वेग ठराविक मर्यादेखाली गेला तर पूर्ण रडर दाबूनही विमान आवरत नाही. मग चालू इंजिनाचीच ताकद कमी करून नाक खाली घ्यावे लागते. जमीन जवळ असताना हे करायला छाती लागते, आणि ते पुस्तक वाचून येत नाही. शिक्षक शेजारी बसवून, मुद्दाम एका इंजिनाची ताकद काढून, हे पुन्हा पुन्हा करावे लागते. म्हणून हे तास टाळावेत असे आम्ही कदापि म्हणणार नाही. प्रश्न पैशाचा आहे.

दोन इंजिने म्हणजे इंधन जास्त, देखभाल जास्त, तासाचा दरही जास्त. त्यात अशी विमाने थोड्याच संस्थांकडे. रायबरेलीजवळ फुरसतगंजच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमीत पूर्ण अभ्यासक्रमाचा खर्च सुमारे ४५ लाखांवर गेला आहे. तिथे अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा आहेत. पण जागा राखीव असली तरी फी राखीव नसते! खासगी क्लबातही खर्च फारसा कमी नाही.

सरकारला हे ठाऊक नाही काय? चांगले ठाऊक आहे. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०१० च्या सुधारित नियमांत पहिल्या गटात कमर्शियल पायलट लायसन्सचे नाव आहे आणि त्याला जोडून ‘मल्टी इंजिन रेटिंगसह’ असा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे लिहिणाऱ्या बाबूला नेमके कळले होते. पण २०१३ पासून त्याच योजनेची उत्पन्न मर्यादा वर्षाला अडीच लाख. अडीच लाखांत घर चालवणाऱ्याने आधी तासाचे पैसे भरायचे आणि नंतर कधीतरी परत मिळण्याची वाट पाहायची! टॉप क्लास योजनेत खासगी फ्लाइंग क्लबसाठी वर्षाला ३.७२ लाखांची कमाल मर्यादा घातली गेली. दोन वर्षांचे होतात साडेसात लाखांहूनही कमी. उरलेले कर्ज काढावे, तर साडेसात लाखांच्या वर बँक तारण मागते. गावठाणातल्या दोन खोल्यांवर कोणती बँक ३५ लाख देणार आहे?

पैसा अडतो तो बहुधा शेवटी. एका इंजिनाचे तास कसेबसे होतात, आणि महागडे दोन इंजिनांचे तास समोर असताना खिसा रिकामा होतो. इकडे नियम थांबत नाही. परवान्याचे २०० तास अर्जाआधीच्या पाच वर्षांत झालेले असावे लागतात. त्यातले १०० स्वतः प्रमुख वैमानिक म्हणून, आणि या शंभरांपैकी किमान १५ अर्जाआधीच्या सहा महिन्यांत. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची चाचणी तर दरवर्षी. हप्ता वर्षभर लांबला की उडालेले तास पुन्हा उडावे लागतात आणि त्यांचे पैसेही पुन्हा मोजावे लागतात.

बाबासाहेबांना बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले होते. ते १९२० मध्ये पुन्हा गेले, ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज घेऊन. लंडनने त्यांची जागा राखून ठेवली होती. वैमानिकाचे तास मात्र कोणी राखून ठेवत नाही.

एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली आणि सरकारी विमान कंपनीतले आरक्षणही संपले. आता खासगी दारातूनच जायचे आहे, आणि त्या दारावर मल्टी इंजिनची अट आहे. राज्यात महाज्योतीने ओबीसी व भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी नागपुरात वैमानिक प्रशिक्षणाची योजना आखली, तिचे आम्ही स्वागतच करतो. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी सामाजिक न्याय विभागाने तोडीस तोड योजना आणावी. पैसा विद्यार्थ्याच्या खात्यावर उशिरा नको, संस्थेच्या खात्यावर आगाऊ हवा. आणि मंजुरीच्या आदेशात २०० तासांबरोबर मल्टी इंजिनचे तास, इन्स्ट्रुमेंटची चाचणी आणि परीक्षेची फी ही तिन्ही कलमे पहिल्याच दिवशी लिहिलेली असावीत. येत्या अर्थसंकल्पात या तिन्हींसाठी किती रुपये ठेवले, एवढेच आमच्या आमदारांनी सभागृहात विचारावे.