कागदावरचे सप्तर्षि

वैशाखांत रात्रीं नऊच्या सुमारास पाथर्डीच्या आमच्या गच्चीवर उत्तरेकडे तोंड करून उभें राहिलें, म्हणजे ध्रुव क्षितिजापासून अवघा १९ अंश वर दिसतो आणि त्याच्या बरेच वर सप्तर्षि याम्योत्तरवृत्तावर आलेले असतात. हात लांब करून मूठ धरली असतां ती सुमारें १० अंश आकाश झांकते, हें मीं माझ्या दहा वर्षांच्या नातीस शिकविलें आहे. त्याच मुठीनें परवां माझी चूक मला दाखविली; ती येथें प्रांजलपणें नमूद करतों.

सुटींत पुण्याहून आलेल्या पुतण्याच्या मुलानें संगणकासाठीं एक लहानशी आज्ञावली लिहिली होती. सात ताऱ्यांचे विषुवांश व क्रांति दिल्या कीं पडद्यावर सप्तर्षि उमटावे, असा तिचा हेतु. आलेखाच्या कागदाप्रमाणें त्यानें विषुवांश आडवे व क्रांति उभी मांडली. नातीनें पाहतांच सांगितलें, "आजोबा, दादाचे सप्तर्षि उलटे आहेत, आणि लांबहि झाले आहेत." उलटेपण तत्काळ पटलें, आकाशाचा नकाशा डोक्यावर धरून पाहावयाचा, म्हणून उत्तर वर असतां पूर्व डावीकडे येते. लांबीच्या बाबतींत मात्र मीं यंत्राचा पक्ष घेतला. क्रतूचा विषुवांश ११ तास ४ मिनिटें, मरीचीचा १३ तास ४८ मिनिटें. अंतर २ तास ४४ मिनिटें, आणि तासाला १५ अंश या हिशोबानें ४१ अंश. चार मुठी भरावयास पाहिजेत. नात अडीचच सांगत होती. "तुझी मूठ लहान आहे," असें म्हणून मीं विषय संपविला. पोर हिरमुसली. स्वयंपाकघराच्या दारांतून सूनबाई हळूच म्हणाल्या, "पण मामंजी, मूठ लहान असती तर मोजणी जास्त भरायला हवी होती ना?"

यावर मजजवळ उत्तर नव्हतें. रात्रीं गोलाध्याय काढून बसलों, आणि 'द्युज्या' हा शब्द दिसतांच चूक कळली. भास्कराचार्यांनीं ११५० सालीं सिद्धांतशिरोमणि रचला. त्यांत तारा ज्या अहोरात्रवृत्तांत फिरतो त्याच्या त्रिज्येस द्युज्या म्हटलें आहे. विषुववृत्तापासून दूर जावें तसतशी ती घटते. ६० अंश क्रांतीवर ती निम्मीच उरते. आवळ्याच्या फांका मध्यें रुंद आणि देठाशीं निमुळत्या असतात, तसेंच हें. क्रतु जवळजवळ ६२ अंशांवर व मरीचि ४९ अंशांवर. तेथील विषुवांशाचा एक अंश विषुववृत्तावरील अंशाएवढा कसा असेल? गोलीय त्रिकोण सोडवून खरें अंतर काढलें, तें २५.७ अंश आलें. अडीच मुठी! जो शब्द मीं वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांकडून घोकून घेतला, तोच प्रसंगीं मला आठवला नाहीं. सकाळीं सर्वांदेखत नातीस तसें सांगितलें.

मग नातवाचा प्रश्न आला, "तर मग बिनचूक सपाट नकाशा कोणता?" असा नकाशा नाहीं. गोलाचा पृष्ठभाग ताणल्यावांचून सपाट होत नाहीं, हें गौस यानें १८२७ सालीं सिद्ध केलें. कोणती विकृति पत्करावयाची, एवढेंच आपल्या हातीं. आपल्या जिल्ह्यालगत जुन्नर तालुक्यांतील खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणी आहेत. त्यांच्यासारख्यांच्या चित्रांत आकाशाचा लहानसा तुकडा असतो, म्हणून गोलास एका बिंदूंत टेकलेलें सपाट पृष्ठ पुरतें. स्पर्शबिंदूपासून एक अंशावर दहा हजारांत एक इतकाच फरक पडतो. सबंध आकाशास तें निरुपयोगी, कारण ९० अंशांवरचा तारा अनंतांत जातो. नातवानें अखेर ध्रुव मध्यें घेतला आणि दक्षिण ध्रुवावरून पाहिल्याप्रमाणें प्रक्षेपण केलें. महेंद्रसूरींनीं १३७० सालीं यंत्रराज या ग्रंथांत वर्णिलेल्या पितळी यंत्राची मांडणी हीच. त्यांत कोन बिघडत नाहींत व वर्तुळें वर्तुळेंच राहतात. मात्र मरीचीजवळचें प्रमाण ध्रुवाजवळच्यापेक्षां शेंकडा सुमारें १४ नें मोठें होतें. तें नातीनें मान्य केलें.

एक अडचण उरलीच. पडद्यावरील ताऱ्यास स्पर्श केला असतां विषुवांश उलट मिळावा, अशी सोय त्यानें केली होती. मरीचीस बोट लावलें तों १ तास ४८ मिनिटें! तारा ध्रुवापलीकडे शर्मिष्ठेच्या बाजूस गेला; बरोबर बारा तासांचा फरक. आडव्या व उभ्या अंतरांचा भागाकार करून त्यावरून कोन काढला होता, आणि दोन्ही अंतरें ऋण असोत वा धन, भागाकार एकच येतो. अशा वेळीं दोहोंचीं चिन्हें निरनिराळीं तपासून पाद ठरवावा लागतो. मीं हें सांगितलें तेव्हां तो हंसून म्हणाला कीं, त्यासाठीं संगणकांत तयार सूत्र आहे. तें आपण वापरलें नाहीं, इतकेंच. त्यानें तें घातलें, आणि मरीचि वसिष्ठाशेजारीं परत आला. आतां नकाशाची छापील प्रत नातीच्या उशीशीं आहे, आणि पुढच्या महिन्यांत वृश्चिक मोजावयाचा, असा तिचा हुकूम आहे.