वर्कशॉपची खरेदी घरातल्या माळ्यावरून सुरू करा



वर्कशॉप टाकायचं ठरलं की आपण सगळ्यात आधी खरेदीची यादी करतो. रॅक, टूल ट्रॉली, डब्यांचा सेट, क्लॅम्प, चुंबकाची काठी. मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात कर्ज मिळतं 50 हजारांपर्यंत. त्यातले दहा-बारा हजार या सामानात गेले, तर कच्चा माल कशातून आणणार? पहिल्याच गिऱ्हाईकाने पैसे द्यायला महिना लावला, तर गाळ्याचं भाडं कुठून भरणार?

माझं मत स्पष्ट आहे. पहिलं वर्ष जमेल तिथे घरातल्या वस्तूंवर काढा आणि पैसा मालासाठी व मुख्य मशीनसाठी राखून ठेवा. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून 'लिज्जत' उभं राहिलं. ते 80 रुपये शोभेच्या सामानात गेले असते तर?

घरातून काय काय उचलता येईल?

शिवणकाम: अंगाच्या साबणाची उरलेली चपटी वडी नीट सुकवा. गडद कापडावर खुणा करायला ती टेलर चॉकचं काम करते आणि खूण धुतल्यावर निघून जाते. रेशमी कापड असेल तर आधी चिंधीवर घासून बघा.

रिपेअरिंग: मशीन खोलताना निघालेले स्क्रू बर्फाच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवत जा. जोडताना उलट क्रमाने या. शेवटी "हा एक स्क्रू कुठला?" असं म्हणायची वेळ येत नाही. बिघडलेल्या स्पीकरमधलं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून जमिनीवरून फिरवा. लोखंडाचा कीस, बारीक खिळे सगळं पिशवीला चिकटतं. मग पिशवी उलटी करत चुंबक बाहेर ओढा. कीस पिशवीत राहतो, चुंबक स्वच्छ.

सुतारकाम: लाकडात स्क्रू जड जातोय? आट्यांवर मेणबत्ती घासा. छोटा खिळा ठोकताना तो जुन्या कंगव्याच्या दातांत धरा, बोट वाचेल. चिकटवलेला छोटा जोड दाबून ठेवायला कपड्यांचे चिमटे पुरतात. जोड मोठा असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापा आणि ताणून गुंडाळा. रबर स्वतःच आवळून धरतं.

पण इथे जुगाड नको

कोणतीही घरगुती वस्तू कामाला लावण्याआधी स्वतःला विचारा: ही फसली तर काय जाईल? चिमटा सुटला तर जोड पुन्हा चिकटवाल, अर्धा तास गेला. पण काही ठिकाणी जीव जातो, काही ठिकाणी नाव जातं.

थिनर, ॲसिड, रॉकेल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कधीच भरू नका. हेल्पर किंवा घरातलं लहान मूल पाणी समजून तोंडाला लावू शकतं. फ्यूजच्या जागी जाड तार घालू नका. फ्यूज वितळण्यासाठीच असतो. तो वितळला नाही तर वायरिंग पेटेल. जवसाच्या तेलाचं पॉलिश पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्या आतून तापतात आणि काडी न लावताही पेट घेऊ शकतात. मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवा.

खाद्यपदार्थांचा धंदा असेल तर माल वर्तमानपत्रात बांधू नका. छपाईची शाई पदार्थात उतरते, आणि एफएसएसएआयनेही याबद्दल बजावलेलं आहे. माल वजनावर विकत असाल तर स्वयंपाकघरातला काटा घरीच राहू द्या. वैधमापन विभागाचा शिक्का असलेलाच काटा घ्या. इथे पैसे वाचवायचे नसतात.

मग विकत कधी घ्यायचं?

काही जण म्हणतील, "सर, गिऱ्हाईक वर्कशॉप बघायला आलं तर काय म्हणेल?" बरण्या धुतलेल्या असतील, प्रत्येकीवर चिठ्ठी असेल आणि मागितलेली वस्तू दोन सेकंदांत हातात येत असेल, तर गिऱ्हाईक चांगलंच म्हणेल. पसारा असेल तर महागडं रॅकही तुमची लाज राखणार नाही.

मात्र जुगाडाच्या प्रेमातही पडू नका. एखादी वस्तू रोज 15 मिनिटं खात असेल, तर महिन्याच्या 26 दिवसांत साडेसहा तास गेले. म्हणजे जवळजवळ एक दिवसाची मजुरी. तेवढ्यात योग्य साधन येत असेल तर लगेच घ्या.

आज एवढंच करा. खरेदीची यादी काढा आणि प्रत्येक वस्तूपुढे लिहा: 'घरात आहे', 'नंतर घेईन' किंवा 'आत्ताच हवी'. तिसऱ्या प्रकारातल्या वस्तू तेवढ्या घेऊन या. उरलेले पैसे मालासाठी.