डिसेंबरचा फराळ

नाताळच्या आठवड्यात नगरकडच्या ख्रिस्ती घरात डोकावलात, तर दिवाळी लांबली की काय असे वाटेल. तेलात चकल्या, पोळपाटावर शंकरपाळ्यांची लाटी, ओल्या फडक्याखाली करंज्या. एक लाटतो, एक सारण भरतो. मुरड मात्र घरातल्या जाणत्या बाईकडेच. ती सैल राहिली की करंजी उकलते, सारण तेलात उतरते आणि अख्खा घाणा काळवंडतो. प्लम केक असतो, पण पाहुण्यासारखा.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे कीर्तन, अभंग हे घरचे प्रकार ख्रिस्तभक्तीत आणले. त्याचे कौतुक आपण करतो, तेही रास्तच. स्वयंपाकघरांनी हेच काम केले, पण त्याची नोंद कुणी फारशी घेतली नाही. (बायकांच्या कामाची घेतात कधी?)

गोव्यात करंजीची नेवरी होते. सोबत दोदोल आणि थरावर थर भाजत नेलेली बेबिंक. ही ताटे शेजारी जातात, हिंदू घरीही. ज्या घरात वर्षात मृत्यू झाला तिथे गोडधोड करत नाहीत; तिथे शेजारी आठवणीने पाठवतात. नाताळातली ही रीत मला मध्यरात्रीच्या मिस्सेइतकीच मोलाची वाटते.

या अंकातल्या पाककृती वाटी, मूठ, चिमूट अशा घरगुती मापांतच छापल्या आहेत. ग्रॅम विचारू नका.